गच्चीवरचं गावकूस

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षभराच्या कार्यक्रमांचा कागद लागलाय. रंगीत. एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात तिरंगा. मधे यादी. संक्रांतीचं हळदीकुंकू. २६ जानेवारीला झेंडावंदन आणि लगेच सत्यनारायण. होळी. पाडव्याला गेटवर गुढी. पंधरा ऑगस्ट. पाच दिवसांचा गणपती. नवरात्रात गरबा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि जेवण, केटररकडून. दिवाळी पहाट. एकतीस डिसेंबर. तळाला ठळक अक्षरात : वर्गणी फ्लॅटमागे १५०० रुपये, सर्वांनी सहकार्य करावे.

सर्वांनी. वर्गणी मागताना हा शब्द कसा तुपासारखा येतो बघा.

मला त्या यादीतल्या एकाच शब्दावर लिहायचंय. 'केटररकडून'. बाकीच्या यादीवर आपली पोरं भांडतातच. चौदा एप्रिल का नाही म्हणून अर्ज देतात. मीही दिला होता. त्याचं काय झालं ते पुढं येईल. पण आधी हा 'केटररकडून' कसा जन्माला आला ते ऐका.

कल्याणच्या पुढं ही बिल्डिंग. सात मजले, ५६ फ्लॅट. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला माणूस. रिटायर व्हायच्या आधी कर्ज काढून इथं दोन खोल्या आणि किचन घेतलं. बायको, मी आणि म्हातारी आई. आलो तेव्हा कोजागिरीला गच्चीवर अंगतपंगत असायची. प्रत्येक घरानं एक पदार्थ करून न्यायचा. बोर्डावर कागद लागायचा, त्यावर फ्लॅट नंबर आणि पदार्थ लिहायचा. बायकोनं मोठ्या हौसेनं लिहिलं : अळूवडी. कल्याणच्या मंडईतून काळ्या देठाची पानं आणली. चिंच, गूळ, बेसन, तीळ. आदल्या रात्री उंडे उकडून ठेवले, दुसऱ्या दिवशी कापून तळले. मोजून साठ वड्या.

गच्चीवर लांबलचक टेबल. त्यावर भांडी ओळीनं. प्रत्येक भांड्यासमोर फ्लॅट नंबरची चिठ्ठी, भांडं परत न्यायला सोपं जावं म्हणून. त्या चिठ्ठीनंच घात केला. कारण तोवर आमचं सगळं सगळ्यांना कळलं होतं. पहिल्याच महिन्यात कमिटीतल्या एकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "तसं नाही, पण मूळचे कोण?" असं विचारलं. गणपतीत आम्ही आरतीला गेलो नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या बाईनं दारातूनच हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बघितला. एवढं पुरतं.

तर साठ वड्या नेल्या आणि सत्तावन्न परत आणल्या.

तीन कुठं गेल्या तेही सांगतो. एक मी खाल्ली. एक वॉचमननं खाल्ली, तो बिहारकडचा, त्याला आमचं आडनाव वाचता येत नव्हतं. एक सहा-सात वर्षांच्या पोरानं उचलली. त्याला आवडली. दुसरी घ्यायला आला, तर आईनं लांबूनच हाक मारली, "पोट दुखेल रे." त्याच्या आधी त्यानं चार गुलाबजाम खाल्ले होते.

कुणी काही बोललं नाही. हे नीट लक्षात घ्या. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी 'शिवू नका' म्हणालं नाही. लोक ताटल्या घेऊन टेबलाजवळून सरकत होते. बटाटेवड्याशी थांबले, ढोकळ्याशी थांबले, आमच्या डब्याशी आले की त्यांना एकदम पलीकडची कोशिंबीर दिसायची. सगळे आमच्याशी हसून बोलले. "काय, रुळलात का?" वर चंद्र होता, दुधात केशर होतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तेल जास्त झालं असंल." मी म्हटलं, तेलाचं काही नव्हतं. ती म्हणाली, "तेलच जास्त झालं, तुम्ही गप बसा." तीन दिवस आम्ही अळूवडी खात होतो.

पुढच्या वर्षी कमिटीच्या इतिवृत्तात एक ओळ आली. सदस्यांच्या सोयीसाठी कोजागिरीचे जेवण यापुढे केटररकडून घेण्यात यावे. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. मी त्या सभेला नव्हतो. असतो तर काय म्हणणार होतो? बायकांना करायचा कंटाळा येतो, हात दुखतात, आता कोण एवढं करतंय, ही कारणं खरीही असतील. अगदी असतील. मी कोर्टात पुरावा देऊ शकत नाही की हा ठराव सत्तावन्न वड्यांमुळं झाला. पूर्वी जात गळ्यात मडकं बांधायची, आता ती इतिवृत्तात 'सोयीसाठी' असं लिहिते.

आणि गंमत बघा. मी त्या केटररची चौकशी केली. त्याचं किचन स्टेशनच्या पलीकडं, आपल्या वस्तीला लागून. तिथं पुऱ्या लाटायला आपल्याच दोन बाया जातात. त्यांच्या हातच्या पुऱ्या आमच्या गच्चीवर सगळे बोटं चाटत खातात. हात दिसत नाहीत ना! पैसे टाकले की हात पुसले जातात, नुसती पुरी उरते. मग हे विटाळ मानतात ते नक्की कशाचा? अन्नाचा नाही, हाताचासुद्धा नाही. शेजारी राहणाऱ्या, लिफ्टमधे बरोबर उभं राहणाऱ्या, मेंटेनन्स तेवढाच भरणाऱ्या माणसाच्या घरचं आपण खाल्लं, असं कबूल करावं लागण्याचा विटाळ आहे हा. राबणाऱ्याच्या हातचं चालतं. बरोबरीच्याच्या हातचं चालत नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती पंच्याऐंशीची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लगीन होऊन वरळीला आली. ती म्हणाली, "आरं, गावाला बी लगनाचा, जत्रंचा समदा बेत ठरायचा. पाटलाच्या वाड्यात बसून ठरायचा. कुणी काय करायचं ते बी ठरायचं. आमच्या लोकांनी लाकडं फोडायची, मांडव घालायला मेढी रोवायच्या, पाव्हन्यांची बैलं धरायची. आन मग पंगती उठल्या की पाटी घिऊन लांब बसायचं. त्या बेतात आमी हुतोच की. आमच्याबिगर बेत होतच नव्हता."

हे ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण समजतो, गावात आपल्याला वगळलं होतं. नाही. गावानं आपल्याला कधीच वगळलं नव्हतं. आपली जागा ठरवली होती. गावकूस म्हणजे फक्त बाहेर ठेवणारी भिंत नव्हे. आत कोण काय करणार आणि बाहेर कोण काय करणार याचं ते वेळापत्रक होतं. आमच्या सोसायटीचा रंगीत कागद हा त्याच वेळापत्रकाची नवी प्रत आहे. लाकडाच्या ऐवजी पंधराशे रुपये. मांडवाच्या मेढीऐवजी खुर्च्या मांडायला या, तुम्ही रिटायर आहात, वेळ असतो. आणि पंगत? पंगत केटररकडून.

खालच्या मजल्यावर तर जुनंच चाललंय, त्याला नवा रंगसुद्धा दिलेला नाही. जिना झाडायला आणि कचरा न्यायला ज्या बाया येतात, त्या कंत्राटावर. गणपतीचा मंडप पहाटे पाचला त्या झाडतात. निर्माल्य त्या उचलतात. प्रसाद त्यांना गेटवर, प्लास्टिकच्या पिशवीत, वॉचमनच्या हातून. वर्षाच्या यादीत त्यांचं नाव कशातच नाही. त्या 'रहिवासी' नाहीत ना! माझ्या आईला विचारा, पाटी घेऊन लांब बसणं आणि पिशवी घेऊन गेटवर उभं राहणं यात काय फरक आहे. ती सांगेल, पाटीत जास्त मावायचं.

हळदीकुंकवाचं ऐका. बोलावणं करायला आलेल्या बाईला आईनंच दार उघडलं होतं. तिनं आईचं मोकळं कपाळ बघितलं आणि विचारलं, "आजी, सूनबाई आहेत का?" आई म्हणाली, "हाय की. मी बी हाय." बाई कावरीबावरी झाली. विधवेला बोलवायचं कसं! बिल्डिंगीत अशा अकरा विधवा आहेत. त्यातल्या नऊ तर सवर्ण घरातल्या. यांच्या यादीत 'महिलांसाठी' म्हणून जो एकमेव कार्यक्रम आहे, त्यात या बाया बसत नाहीत. म्हणजे हा कागद फक्त आपल्यालाच बाहेर ठेवतो असं समजू नका. तो आपल्या माणसांनाही घराघरातून वेचून बाजूला काढतो. फुल्यांना हे दिसलं होतं. ब्राह्मण विधवांसाठी त्यांनी स्वतःच्या घरात जागा केली. आणि आपण शूद्रातिशूद्रांची लेकरं दीडशे वर्षांनी हळदीकुंकवाच्या रांगेत वाटी मिळते का म्हणून बघतो.

वर्गणी सगळ्यांची आणि पूजा ठरावीक हातांची, हे भांडण काही नवं नाही. १८९३ साली टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला तेव्हापासून 'सार्वजनिक' हा शब्द मंडपावर लिहिलेला आहे. १९२६ साली दादरच्या गणेशोत्सवात हाच तंटा झाला. प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर बोले यांनी विचारलं, उत्सव सगळ्या हिंदूंचा, पैसा सगळ्यांचा, मग अस्पृश्यांना पूजेचा हक्क का नाही? बाबासाहेबही त्या प्रकरणात होते. तडजोड निघाली ती अशी, की अस्पृश्यानं फुलं पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्यानं ती मूर्तीला वाहायची. बघा, केटरर तेव्हाही होता. मधे एक हात घातला की दोन्हीकडची अब्रू राहते. हे बोले म्हणजे तेच, ज्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. ठराव झाला, तरी १९२७ च्या २० मार्चला महाडला जाऊन पाणी प्यावं लागलं तेव्हा कुठं तो ठराव कागदावरून उतरला.

आता कायद्याचं बोलू. संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं आली, हॉटेलं आली, करमणुकीच्या जागा आल्या, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आले. सोसायटीची गच्ची आली नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. पण न खाल्लेल्या वडीवर कलम लागत नाही. फौजदाराला काय सांगू, साहेब, माझ्या बायकोची अळूवडी छप्पन्न कुटुंबांनी खाल्ली नाही? तो म्हणेल, तेल जास्त झालं असेल.

सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी मी आणून वाचले. सोसायटीची उद्दिष्टं दिली आहेत, त्यात सामाजिक, सांस्कृतिक आणि करमणुकीचे उपक्रम चालवणं हेही आहे. चांगलं आहे. पुढं मेंटेनन्समधे काय काय घ्यायचं त्याची यादी आहे : पाणी, लिफ्ट, दुरुस्ती, सिंकिंग फंड वगैरे. सणाची वर्गणी हे नाव त्यात नाही. पण शेवटी 'इतर' नावाचं एक बोळकं ठेवलंय. त्या बोळक्यात आमच्या कमिटीनं सत्यनारायण, गणपती आणि गरबा कोंबून आमच्या बिलात पाठवलाय. मी ते वगळून चेक देतो. मग थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव लागतं. बोर्डावर, त्याच रंगीत कागदाच्या शेजारी. आणि सोसायटीला आपले दरवाजे कुणासाठी हे ठरवण्याची कितपत मुभा आहे म्हणता? २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी मान्य केला. सहकार म्हणजे आपापल्यांचा सहकार. हे आता आम्हाला पाठ झालं पाहिजे.

आता चौदा एप्रिलचा अर्ज. दोन वर्षांपूर्वी दिला. कमिटीनं बोलावलं, चहा दिला. म्हणाले, "तुमच्या भावनांचा आदर आहे. पण सोसायटीत जातीय कार्यक्रम नकोत, उद्या प्रत्येक जण आपापला महापुरुष घेऊन येईल." ज्या तोंडानं सत्यनारायणाचा गुरुजी ठरवला त्याच तोंडानं हे. त्यांचं ते सांस्कृतिक, आपलं ते जातीय. मग थोड्या वेळानं एक समजूतदार गृहस्थ म्हणाले, "असं करू, २६ जानेवारीला त्यांचा फोटो ठेवू. घटना त्यांनीच लिहिली ना."

आणि ठेवला हो! झेंडावंदन झालं. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो. त्याला झेंडूचा हार, पूजेच्या मखरातून उरलेला. शेजारी चौरंग, कलश, केळीचे खांब, आणि माईकवर दहापासून बारापर्यंत साधुवाण्याची कथा. ज्या माणसानं १९५६ साली नागपूरला लाखो लोकांकडून वदवून घेतलं की विष्णूला देव मानणार नाही, त्याची उपासना करणार नाही, त्याला विष्णूच्या पूजेचा पाहुणा करून उभा केला. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका भावाला भरून आलं. म्हणाला, "चला, सुरुवात तर झाली." मी त्याला म्हटलं, ही सुरुवात नाही, हा बंदोबस्त आहे.

हा तिसऱ्या मजल्यावरचा भाऊ. त्याच्यावरही लिहिलं पाहिजे, नाहीतर हे लिखाण अर्धं राहील. बिल्डिंगीत आपली चार घरं आहेत. दोन उघडी, दोन झाकलेली. झाकलेल्यांनी आडनावाला 'कर' लावून घेतलाय. बाबासाहेब बेडरूममधे, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. पाहुणे गेले की दार उघडायचं. गणपतीला हे सगळ्यांत पुढं, आरतीचं ताट यांच्याच हातात. मी यांना शिव्या द्यायला निघालो होतो. पण एकदा त्यांच्यातली एक बाई माझ्या बायकोला जिन्यात हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी वडी घेणार होते. पण माझ्याकडं बघत होत्या हो सगळ्या." आपल्या जातीची वडी खाल्ली तर आपली जात कळेल, म्हणून तिनं आपल्याच बाईची वडी खाल्ली नाही. आता बोला. कुणाला शिव्या द्यायच्या? मला तिचा राग आला, आणि राग टिकला नाही.

आणि जिथं आपलं राज्य होतं तिथं आपण काय केलं, तेही सांगू दे. बीडीडीत आमच्या लहानपणी चौदा एप्रिल म्हणजे दिवाळी. नव्या कपड्यांची, रोषणाईची. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पत्र्याच्या पेटीमागं आईनं आम्हाला बसवलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमधे मांडव पडला आणि तो जिद्दीनं पडला, हे मला आठवतं. पण नंतरच्या काळात आपल्या मंडळांनीही कागद छापायला घेतले. वर्गणी दारात उभं राहून, रागानं. हिशेब कधी बोर्डावर लागला नाही. डीजेच्या भिंती, आणि बायकांनी फक्त पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीत पुढं चालायचं. बेत कोण ठरवायचं? चार पुरुष, नाक्यावर बसून. पाटलाचा वाडा फक्त नाक्यावर आला होता.

आता त्या बीडीडीचंही तेच होऊ घातलंय. १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७. खोली १६० चौरस फुटांची. आता त्यांच्या जागी टॉवर. २०२५ च्या ऑगस्टमधे वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० चौरस फुटांची घरं. माझा चुलतभाऊ तिथलाच आहे. त्याची अजून पाळी यायचीय. तो खूश आहे, मीही खूश आहे. शंभर वर्षं सामायिक संडासाच्या रांगेत काढली आपल्या लोकांनी, त्यांना घर मिळालं याचं सुख कुणी हिरावून घेऊ नये. पण मी त्याला विचारलं, मांडव कुठं घालणार? चाळीच्या मधे मोकळी जागा होती, ती कुणाच्या बापाची नव्हती म्हणून सगळ्यांची होती. टॉवरमधे मोकळी जागा कमिटीची असते. तिला कुलूप असतं, बुकिंग असतं, डिपॉझिट असतं. तो म्हणाला, "आपण मेजॉरिटीत आहोत तिथं." म्हटलं, आहात. आज. आता गच्चीचा नियम लिहाल तेव्हा गेटवर पिशवी घेऊन उभी राहणारी बाई कोण असेल तेही लिहा.

कुणी म्हणेल, कशाला एवढं जेवणावर घसरलात? सहभोजनानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. बरोबर आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचला आणि अधिवेशनच रद्द केलं. तेही कार्यक्रम ठरवणारेच लोक होते. जातीचं मूळ शास्त्रांच्या पावित्र्यात आहे, एकत्र जेवून ते उपटत नाही, हे त्या भाषणात आहे. मला ते मान्य आहे. मी काय म्हणतो ते वेगळं आहे. ज्या गोष्टीनं जात मरत नाही, जी सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त, एका वडीची गोष्ट आहे, तीसुद्धा यांना जमत नाही. आणि ती जमत नाही म्हणून आपण मागणं काय मागतो? चौदा एप्रिल यादीत घाला. म्हणजे त्यांच्या कागदावर आपल्याला एक खोली द्या. कोपऱ्यातली. त्या दिवशी ते येणार नाहीत, आपण चार घरं खुर्च्या मांडू, आपणच बसू, आपणच उठू. दुसरा महारवाडा, आपल्या हातानं मागून घेतलेला, वर्षातून एक दिवसाचा.

मुंबईत एके काळी समतानंद अनंत हरि गद्रे नावाचा एक ब्राह्मण झुणका-भाकर सत्यनारायण करायचा. पूजेला दलित जोडपं बसवायचा आणि प्रसाद झुणका-भाकरीचा. मला सत्यनारायण नको, झुणका-भाकरीचासुद्धा नको. पण त्या माणसाला एक गोष्ट कळली होती. देव कुठलाही असो, प्रश्न हा आहे की प्रसाद कुणाच्या हातचा आणि तो कोण खातो. आमच्या कमिटीत तेवढं कळणारा एक नाही, आणि सगळे पदवीधर.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्यासाठी मी पत्र दिलंय. चौदा एप्रिलचं त्यात नाव काढलेलं नाही. चौदा एप्रिल मी करीनच, माझ्या दारात, कुणाला न विचारता, आणि जिना झाडणाऱ्या बायांना पाटावर बसवून. पत्रात लिहिलंय ते असं. कोजागिरीला केटरर बंद करावा, पहिल्यासारखी घरच्या पदार्थांची अंगतपंगत सुरू करावी. कार्यक्रम ठरवणारे लोक दर वर्षी छप्पन्न फ्लॅटांच्या चिठ्ठ्या टाकून काढावेत. बिलातून सणाची वर्गणी काढून टाकावी, ज्याला द्यायची त्यानं हातानं द्यावी. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, भांड्यांपुढच्या नंबराच्या चिठ्ठ्या तरी काढायला सांगा, म्हणजे खातील. मी म्हटलं, चिठ्ठ्या राहू दे. नंबर झाकून खाल्लेलं मला नको. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग पत्रात तसं लिवा." तेही लिहिलं : चिठ्ठ्या ठेवाव्यात.

पत्र घेऊन सेक्रेटरीकडं गेलो. त्यांनी वरवर बघितलं, पोच म्हणून सही केली. विचारलं, "चौदा एप्रिलचंच ना?"

म्हटलं, "नाही. कोजागिरीचं."

त्यांनी पत्र परत उघडलं आणि चष्मा शोधायला लागले.